शाळकरी मुलांना ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग: आधी बैल, मग क्लास

शनिवारची शिक्षिका (धागाकर्ती)

नमस्कार. मी पूर्व नागपुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत संगणक शिकवते आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी-नववीच्या मुलांचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा वर्ग घेते. या मुलांचे स्क्रॅच, म्हणजे चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करणे, सहावी-सातवीतच झालेले आहे, आणि पायथनमधल्या अटी, लूप, याद्या आणि फंक्शन त्यांना बऱ्यापैकी जमतात. त्यापुढची पायरी क्लास आणि ऑब्जेक्टची, आणि तिथेच मागच्या वर्षी माझा वर्ग अडला. पहिल्याच तासाला मी क्लास, ऑब्जेक्ट, एन्कॅप्सुलेशन, इन्हेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम अशा पाच व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या होत्या. मुलांनी त्या पाठ केल्या. "क्लास म्हणजे आराखडा" हे वाक्य सगळ्यांना न अडखळता म्हणता येऊ लागले, पण तो आराखडा कशाचा आणि तो नसता तर काय अडले असते, हे एकालाही सांगता येईना.

यंदा मी क्रम उलटा केला आणि मुहूर्त तान्ह्या पोळ्याचा धरला. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि घरची मंडळी त्यांना बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, देतात. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही प्रथा आहे. त्यानंतरच्या शनिवारी मी मुलांना आपापले बैल वर्गात आणायला सांगितले. अकरा बैल आले. एकाचे मागचे चाक सुताने बांधलेले होते, एकाच्या शिंगांना बेगड लावलेली होती, आणि एक बैल आजोबांच्या लहानपणचा असल्यामुळे त्याचा रंग उडून लाकूड पार काळे पडले होते.

प्रत्येक बैलाच्या पाच गोष्टी नोंदवायच्या ठरल्या: नाव, मालक, उंची, रंग आणि मिळालेला बोजारा. मुलांनी प्रथम प्रत्येक गोष्टीला वेगळे व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचे नाव, घेतले. अकरा बैलांची पंचावन्न व्हेरिएबल टाइप करायची म्हटल्यावर चौथ्या बैलापाशीच कंटाळा आला आणि कोणीतरी याद्या करू या असे सुचवले. मग पाच याद्या झाल्या: नावांच्या यादीतले तिसरे नाव, मालकांच्या यादीतला तिसरा मालक, उंचीच्या यादीतली तिसरी उंची, हे सगळे मिळून तिसरा बैल. इथपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. मग मी उंचीची यादी मोठ्याकडून लहानाकडे लावायला सांगितली आणि सर्वांत उंच बैलाचे नाव छापायला सांगितले. पडद्यावर सोन्याचे नाव आले. सोन्या अवघा नऊ इंचांचा. त्याच्या मालकिणीने उठून त्याला टेबलावरच्या रांगेत उभे केले, पट्टी लावून पाहिली आणि म्हणाली, "मॅडम, उंची हलली, नाव तिथंच राहिलं."

ज्या गोष्टी एकत्र हलायला हव्यात त्या एकत्र बांधलेल्या असाव्यात, ही गरज मुलांना तेव्हा पहिल्यांदा जाणवली. त्यानंतरच मी क्लास हा शब्द उच्चारला. फळ्यावर मी आधी मराठीतच कोड लिहिते आणि तो सगळ्यांना वाचता आला की मगच मशीनवर पायथनच्या शब्दांत उतरवून घेते. त्या दिवशी फळ्यावर हे होते:

क्लास बैल:
    बनताना(स्वतः, नाव, उंची):
        स्वतः.नाव = नाव
        स्वतः.उंची = उंची
        स्वतः.बोजारा = ०
    बोजारा_घे(स्वतः, रुपये):
        स्वतः.बोजारा = स्वतः.बोजारा + रुपये

राजा = बैल("राजा", १२)
सोन्या = बैल("सोन्या", ९)
राजा.बोजारा_घे(१०)

शेवटची ओळ चालवल्यावर राजाचा बोजारा दहा रुपये झाला आणि सोन्याचा शून्यच राहिला. मुलांनी हे तीन-चारदा करून पाहिले, कारण एकाच ठिकाणी लिहिलेली कृती दोन बैलांचे दोन वेगळे हिशेब ठेवते, ही गोष्ट त्यांना खरोखर नवी होती.

अडचण आली ती "स्वतः" या शब्दाशी, म्हणजे पायथनमधल्या "सेल्फ"शी. एक मुलगा तो कंसात लिहायला विसरला आणि पायथनने तक्रार केली की या फंक्शनला एकच गोष्ट चालते, पण दोन दिल्या आहेत. तो म्हणाला, "मी तर एकच दिली, दहा रुपये." त्याचे म्हणणे बरोबर होते. त्याने एकच दिली होती; टिंबाच्या आधीचा राजा पायथनने आपणहून पुढे केला होता. मी एक बैल उचलून त्याच्या हातात दिला आणि सांगितले की फंक्शन सगळ्या बैलांसाठी एकदाच लिहिले आहे, तेव्हा बोलावताना कोणता बैल बोलतो आहे हे त्याला कळायलाच हवे; ज्या बैलाचे नाव टिंबाआधी असते तोच आत जाऊन "स्वतः" होतो. हे त्याला पटले, पण माझे पूर्ण समाधान झालेले नाही. आता पुढे इन्हेरिटन्स, म्हणजे एका क्लासपासून दुसरा क्लास काढणे, घ्यायचे आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मिहानकर

ताई, आपला क्रम मला अगदी योग्य वाटतो. मी नागपूरच्या मिहान या उद्योग-वसाहतीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करतो आणि नव्याने लागलेल्या अभियंत्यांनाही याच जागी अडखळताना पाहतो. आपण ज्या वाटेने मुलांना नेले ती या कल्पनेच्या जन्माचीच वाट आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर हे दोघे १९६० च्या दशकात प्रत्यक्ष जगातल्या व्यवहारांची संगणकावर नक्कल करण्याच्या कामात होते. खिडकीपुढे रांग लागते, गिऱ्हाईक येते, थांबते, काम उरकून जाते. अशी शेकडो गिऱ्हाइके, आणि प्रत्येकाची येण्याची वेळ आणि थांबण्याचा काळ वेगळा. प्रत्येक गिऱ्हाइकाची माहिती आणि त्याचे वागणे एका जागी बांधल्याशिवाय असा प्रोग्राम हाताबाहेर जातो. त्यातून सिम्युला ही भाषा तयार झाली आणि १९६७ च्या तिच्या आवृत्तीत क्लास, ऑब्जेक्ट आणि इन्हेरिटन्स या तिन्ही कल्पना आल्या. या कामासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्या वर्गातले अकरा बैल हे त्या रांगेतल्या गिऱ्हाइकांचेच भाऊबंद आहेत.

दुसरी गोष्ट शाळेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात अॅलन के, डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली. ती घडत असतानाच आसपासच्या शाळकरी मुलांना शिकवून पाहिली जात होती. म्हणजे ही कल्पना मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे असे तिच्या जनकांनाच वाटत नव्हते. अॅलन के यांचे शिक्षण जीवशास्त्राचेही होते. शरीरातली प्रत्येक पेशी जशी आपला कारभार आपल्या आवरणात ठेवते आणि दुसऱ्या पेशींशी फक्त निरोपांनी बोलते, तसे त्यांनी ऑब्जेक्टकडे पाहिले. त्यांच्या मते या पद्धतीचा गाभा निरोपांत आहे. म्हणून माझी सूचना अशी की "राजा.बोजारा_घे(१०)" ही ओळ मुलांनी मोठ्याने वाचताना "राजा, दहा रुपये बोजारा घे" अशी हाक मारल्यासारखी वाचावी. मराठीत हाक मारताना नाव आधी येते आणि आज्ञा शेवटी. टिंबाची ही रचना आपल्या कानाला मुळातच ओळखीची आहे. हाक कोणाला मारली हे कळले की "स्वतः" कोण हे वेगळे सांगावे लागणार नाही.

एक शंका मात्र आहे. उंची हलली आणि नाव राहिले, ही अडचण साध्या डिक्शनरीनेही, म्हणजे एका बैलाची सगळी माहिती नावानिशी एकत्र ठेवणाऱ्या पायथनच्या रचनेनेही, सुटली असती. मुलांनी ते विचारले तर काय सांगणार?

कळमन्याचा पालक

मी या क्षेत्रातला नाही. कळमना बाजारात संत्र्याचा व्यवहार करतो. मुलगी नववीत आहे आणि तिच्या पुस्तकात हा धडा आहे, म्हणून वाचत आलो. मला समजले ते असे, चुकत असेन तर सांगावे. आमच्याकडे माल उतरला की काटापट्टी करतात. छापील कोऱ्या पट्टीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम यांच्या जागा ठरलेल्या असतात. कोरी पट्टी म्हणजे क्लास आणि भरलेली प्रत्येक पट्टी म्हणजे ऑब्जेक्ट, असे म्हणता येईल का? दिवसाकाठी शंभर पट्ट्या फाटल्या तरी रकाने तेच, आणि एकीतले वजन चुकले म्हणून दुसरीला काही होत नाही.

शनिवारची शिक्षिका (धागाकर्ती)

काका, आपले उदाहरण माझ्या "आराखडा" या शब्दापेक्षा कितीतरी चांगले आहे आणि ते मी वर्गात वापरणार आहे. आराखडा घराचा असतो, आणि एका आराखड्यावरून शंभर घरे बांधलेली मुलांनी पाहिलेली नसतात. एका कोऱ्या पुस्तकातून शंभर पट्ट्या फाडलेल्या त्यांना डोळ्यांसमोर आणता येतात.

आपली पट्टी फक्त एका ठिकाणी अपुरी पडते, आणि मिहानकरांच्या शंकेचे उत्तरही तिथेच आहे. कागदाची पट्टी माहिती सांभाळते, पण स्वतः काही करत नाही. निव्वळ रक्कम माणूस काढतो आणि रकान्यात लिहितो. समजा वजन ४२० किलो आणि भाव किलोला ३० रुपये, म्हणजे १२,६०० रुपये. त्यातून हमाली आणि तोलाई वजा करून रक्कम लिहिली. नंतर काटा पुन्हा तपासला आणि वजन ४१२ निघाले. कोणीतरी वजन खोडून दुरुस्त केले आणि रक्कम तशीच राहिली, तर त्या पट्टीवरचे दोन आकडे एकमेकांशी भांडत बसतात. डिक्शनरीतही नेमके हेच होते: ती सगळे रकाने एकत्र बांधते, पण त्यांच्यात काय नाते आहे हे तिला ठाऊक नसते. ऑब्जेक्टमध्ये निव्वळ रक्कम हा रकाना मुळी ठेवायचाच नाही. "पट्टी, तुझी निव्वळ रक्कम सांग" असा निरोप पाठवायचा आणि तिने त्या क्षणी आपल्याजवळच्या वजन-भावावरून ती काढून द्यायची. मग वजन दुरुस्त झाले की रक्कम आपोआप बरोबर येते, कारण चुकीची रक्कम साठून राहायला जागाच उरत नाही.

एन्कॅप्सुलेशन या लांब शब्दाची सुरुवात मला इथून करावीशी वाटते. माहिती आणि तिचे नियम एका घरात राहतात, आणि बाहेरच्याने आत हात घालून आकडा बदलायचा नाही, सांगायचे असेल ते निरोपाने सांगायचे.

जावावाला मास्तर

धागा आवडला. मी धरमपेठेत शिकवणी घेतो. माझ्याकडे आयसीएसई मंडळाची नववी-दहावीची मुले आहेत आणि त्यांच्या कॉम्प्युटर अॅप्लिकेशन्स या विषयात जावा असते. शाळेत शिकवतात त्या पद्धतीच्या जावामध्ये "नमस्कार" छापायचे असले तरी पहिली ओळ क्लासचीच लिहावी लागते. मुले वर्षभर क्लास लिहितात आणि वर्षभरात एकही ऑब्जेक्ट बनवत नाहीत, कारण सगळे काम जिथून प्रोग्राम सुरू होतो त्या एका "मेन"मध्येच उरकलेले असते. त्यामुळे क्लास हा शब्द त्यांना प्रोग्रामवर घालायच्या वेष्टणासारखा वाटू लागतो. ही खोड मोडायला मला एकाच गोष्टीचा खरा उपयोग झाला. ब्लूजे नावाचे जे साधन शाळांमध्ये वापरतात ते मुळात शिकवण्यासाठीच बनवलेले आहे. त्यात मेन न लिहिता क्लासच्या चौकोनावर उजवी कळ दाबून ऑब्जेक्ट बनवता येतो. बनलेले ऑब्जेक्ट खाली लाल ठोकळ्यांच्या रूपात रांगेने मांडले जातात, आणि प्रत्येकावर क्लिक करून त्याच्या आतली माहिती पाहता येते किंवा त्याची मेथड, म्हणजे क्लासमध्ये लिहिलेली कृती, बोलावता येते. एका क्लासचे चार ठोकळे समोर मांडल्यावर एकही व्याख्या न सांगता फरक कळतो. आपले टेबलावरचे बैल तेच काम करतात.

एन्कॅप्सुलेशनबाबत मात्र मला पायथनपेक्षा जावा शाळेसाठी बरी वाटते. जावात "प्रायव्हेट" लिहिले की बाहेरून हात घालता येत नाही, प्रोग्राम कंपाइलच होत नाही. पायथनमध्ये नावाआधी अंडरस्कोर लावणे हा केवळ संकेत आहे. कोणी तो मोडला तर पायथन अडवत नाही. मेट्रोच्या कार्डातली शिल्लक प्रवाशाला हाताने वाढवता आली तर काय होईल, हे मुलांना लगेच कळते: शिल्लक फक्त रिचार्जने वाढावी आणि गेटनेच कमी व्हावी. हा नियम भाषेनेच पाळायला लावला तर तो मुलांच्या मनावर ठसतो.

मिहानकर

मास्तर, आपला मुद्दा मान्य आहे, तरी आठवीच्या मुलांसाठी मी पायथनच निवडेन. नियम का हवा हे कळण्याआधी नियमाची भिंत समोर आली तर मूल भिंत ओलांडायचे शब्द तेवढे पाठ करते. कार्डाची शिल्लक एकदा हाताने एक लाख करून पाहू द्यावी, आणि मग गेटचा प्रोग्राम कसा फसतो हेही पाहू द्यावे.

अकरावीतला विद्यार्थी

नमस्कार मॅडम आणि सर. आम्हाला राज्य मंडळाच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस आहे, पायथन मी घरीच शिकतो आहे. मॅडमचा बैलांचा प्रोग्राम मी करून पाहिला आणि त्यात थोडी भर घातली. प्रत्येक बैलाला पैशांशिवाय कोणता खाऊ मिळाला त्याचीही यादी ठेवायची होती, म्हणून क्लासच्या सुरुवातीलाच मी "खाऊ = []" अशी ओळ लिहिली. "बनताना"मध्ये त्याबद्दल काहीच लिहिले नाही. राजाला शंकरपाळे दिले, आणि सोन्याची यादी छापली तर तिच्यातही शंकरपाळे आले. मग मी तिसरा, अगदी नवा बैल बनवला, तर तो जन्मतःच शंकरपाळे घेऊन आला. मला सर्वांत कोडे पडले ते पुढचे: त्याच जागी "बोजारा = ०" अशी ओळ लिहिली, तर रुपयांचा हिशेब मात्र प्रत्येकाचा वेगळा आणि बरोबर राहतो. एकाच जागी लिहिलेल्या दोन ओळी वेगळ्या का वागतात?

निवृत्त प्राध्यापक

बाळा, तू केलेली तपासणी फार नेटकी आहे, विशेषतः तिसरा बैल बनवून पाहण्याची. उत्तर जरा सविस्तर देतो, कारण या एका चुकीत बरेच काही दडलेले आहे.

क्लासच्या अंगात, कोणत्याही फंक्शनच्या बाहेर लिहिलेली वस्तू क्लासची असते, एकट्या बैलाची नसते. ती एकच असते आणि सगळ्या बैलांना दिसते. पायथनला "स्वतः.खाऊ" वाचायला सांगितले की तो आधी त्या बैलाजवळ शोधतो, आणि तिथे सापडले नाही तर क्लासकडे जातो. तुझ्या राजाजवळ स्वतःची यादी नव्हतीच, म्हणून पायथनने क्लासची यादी आणून दिली आणि यादीत भर घालणाऱ्या अपेंडने तिच्यातच शंकरपाळे टाकले. सोन्यालाही तीच यादी दिसते, आणि अजून न जन्मलेल्या बैलालाही तीच दिसणार.

आता रुपयांकडे पाहा. "स्वतः.बोजारा = स्वतः.बोजारा + १०" या ओळीची उजवी बाजू आधी चालते. ती क्लासमधले शून्य वाचते आणि दहा हे नवे उत्तर तयार करते. डावी बाजू मात्र लिहिण्याचे काम करते, आणि लिहिणे नेहमी बैलाजवळच होते. त्यामुळे पहिल्याच बोजाऱ्याला राजाजवळ त्याचा स्वतःचा बोजारा तयार होतो आणि क्लासमधले शून्य जागच्या जागी राहते. थोडक्यात, संख्येच्या बाबतीत तू नवी वस्तू करून बैलाला चिकटवलीस. यादीच्या बाबतीत जुनी, सामाईक वस्तूच आतून बदललीस. उपाय एका ओळीचा आहे: "स्वतः.खाऊ = []" ही ओळ "बनताना"च्या आत लिही. मग प्रत्येक बैल बनतेवेळी त्याला त्याची वेगळी, कोरी यादी मिळेल.

शिक्षिकाबाईंना माझी विनंती आहे की इन्हेरिटन्सकडे जाण्याआधी एक तास केवळ या विषयाला द्यावा: नाव वेगळे आणि वस्तू वेगळी. घरात एकाच बैलाला भाऊ "सर्जा" म्हणतो आणि बहीण "मोत्या" म्हणते असे समजा. प्रोग्राममध्ये "मोत्या = सर्जा" असे लिहिले की दुसरा बैल बनत नाही; त्याच बैलाच्या गळ्यात दुसऱ्या नावाची चिठ्ठी अडकवली जाते. सर्जाला दहा रुपये दिले की मोत्याचे दहा रुपये वाढलेले दिसणारच. महाविद्यालयात शिकवताना मी पाहिले आहे की ही एक गोष्ट निसटली तर पुढे तीन-तीन वर्षे मुले "आपोआप बदलले" असे म्हणत राहतात. संगणकात आपोआप काहीच बदलत नाही. दोन नावांनी एकच वस्तू धरलेली असते.

शनिवारची शिक्षिका (धागाकर्ती)

सर, तुमच्या सूचनेप्रमाणे कालचा पूर्ण तास मी याला दिला. प्रत्येक बैलाच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या आणि मुलांनी चिठ्ठ्या एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात हलवत प्रोग्रामची एकेक ओळ चालवली. शेवटी एका मुलाने एका बैलाच्या गळ्यातली एकुलती चिठ्ठी काढून दुसऱ्याला बांधली आणि विचारले, आता या बिनचिठ्ठीच्या बैलाला हाक कशी मारायची? मारताच येत नाही, आणि ज्याला कोणत्याच नावाने गाठता येत नाही त्याची जागा पायथन मोकळी करून टाकतो, असे सांगितल्यावर त्याने मुकाट्याने चिठ्ठी परत बांधली.

इन्हेरिटन्सची मात्र मला भीती वाटते, कारण त्याचा मराठी शब्दच दिशाभूल करतो. मागच्या वर्षी मी "वारसा" म्हटले आणि आई-मुलीचे उदाहरण दिले. त्यावर एका मुलीने आई नावाचा क्लास लिहिला, त्यातून मुलगी नावाचा क्लास काढला, दोघींचा एकेक ऑब्जेक्ट बनवला, आईच्या ऑब्जेक्टमध्ये आडनाव बदलले आणि मुलीचे का बदलले नाही असे विचारले. तिच्या उदाहरणाप्रमाणे तिचा प्रश्न पूर्ण बरोबर होता. चूक माझी होती.

निवृत्त प्राध्यापक

वारसा व्यक्तीकडून व्यक्तीकडे जातो, आणि इन्हेरिटन्स व्यक्तींमध्ये नसतेच. ते दोन वर्णनांमधले नाते आहे. मुलीच्या ऑब्जेक्टला आईचा कोणताही ऑब्जेक्ट माहीत नसतो. म्हणून आई-वडिलांचे उदाहरण वर्गात आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग ते कितीही पुस्तकांत छापलेले असो. "वारसा"ऐवजी "प्रकार" हा शब्द वापरावा आणि मुलांना एक वाक्य तपासायला द्यावे: प्रत्येक अमुक हा तमुकाचा एक प्रकार आहे का? ऑटो हा वाहनाचा प्रकार आहे, हे चालेल. चाक हा बैलाचा प्रकार आहे का? नाही, चाक बैलाला असते. मग चाकाचा क्लास बैलापासून काढायचा नाही, बैलाच्या आत चाकांची यादी ठेवायची. संत्र्याच्या पेटीत संत्री असतात म्हणून पेटी हे संत्रे होत नाही. "आहे" आणि "मध्ये आहे" या दोन मराठी वाक्यांतला फरक ज्याला कळतो, त्याच्या इन्हेरिटन्समधल्या बहुतेक चुका लिहिण्याआधीच टळतात.

मिहानकर

ऑटोचा विषय निघालाच आहे, तर पॉलिमॉर्फिझम त्याच धाग्यात ओवून टाकावे. वाहन हा क्लास, आणि त्याचे प्रकार ऑटो, शहर बस आणि मेट्रो. तिघांनाही "भाडे सांग" हा एकच निरोप कळतो, पण प्रत्येकाचा हिशेब वेगळा: ऑटो मीटरप्रमाणे सांगेल, बस टप्प्यांप्रमाणे, मेट्रो तिच्या दरपत्रकाप्रमाणे. सीताबर्डीहून खापरीला जायचे आहे, तर तिन्ही वाहने यादीत ठेवून लूपमध्ये प्रत्येकाला "भाडे सांग" म्हणायचे आणि सर्वांत स्वस्त निवडायचे. लूपमध्ये "ऑटो असेल तर असे, बस असेल तर तसे" अशी एकही अट लिहावी लागत नाही. दोन आठवड्यांनी मुलांना ई-रिक्षा वाढवायला सांगा. ई-रिक्षाचा क्लास लिहून यादीत टाकला की काम झाले, लूपची एक ओळही बदलावी लागली नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले पाहिजे. त्यासाठी आधी तोच प्रोग्राम अटींच्या साखळीने लिहून घ्यावा, म्हणजे काय वाचले ते कळेल.

पायथनमध्ये या सगळ्यांना वाहन या एका क्लासखाली आणणेही सक्तीचे नाही. "भाडे सांग" हा निरोप कळला म्हणजे पुरे. जावात मात्र ते नाते आधी लिहून द्यावे लागते. मास्तरांचा आणि माझा मतभेद मुळात इथलाच आहे, आणि दोन्ही भाषांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे.

मराठी नावांबद्दल एक उपयोगी गोष्ट. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, व्हेरिएबल, फंक्शन आणि क्लास यांची नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. भाषेचे राखीव शब्द आणि तिने आधीच ठरवलेली नावे (जसे "बनताना"साठीचे __init__) तेवढी रोमनमध्येच लिहावी लागतात. त्यामुळे ताईंच्या फळ्यावरचा बैल, राजा आणि बोजारा मशीनवरही त्याच नावांनी राहू शकतात. कोडमधले अंक मात्र देवनागरीत चालत नाहीत. पण मुलाने कीबोर्डवरून "१२" असे देवनागरीत भरले तर इंट हे फंक्शन त्याची संख्या बरोबर करून देते.

कळमन्याचा पालक

सर्वांचे आभार. संत्र्याच्या आंबिया बहाराची आवक सुरू झाल्यामुळे उत्तर द्यायला उशीर झाला. मुलीने घरी पट्टीचा क्लास लिहिला, मराठी नावांनीच. शेतकरी, गाव आणि वजन "बनताना"मध्ये घेतले आणि निव्वळ रक्कम मॅडमनी सांगितल्याप्रमाणे निरोपाने काढली. वजन ४२० चे ४१२ केले तर रक्कम लगेच बदलली, हे तिने मला दोनदा दाखवले. भाव मात्र तिने क्लासमध्ये वरतीच एकदा लिहिला होता, कारण तिच्या मते त्या दिवशी भाव एकच होता.

दुसऱ्या दिवशी तिने वरच्या ओळीत ३० चे ३४ केले, नव्या दोन पट्ट्या बनवल्या आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज मागितली. आदल्या दिवशीच्या पट्ट्यांची रक्कमही वाढून आली. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली. मी तिला एवढेच म्हणालो की कालचा शेतकरी ३० च्या भावाने पैसे घेऊन गावी गेलासुद्धा. तिने भावाची ओळ उचलली, "बनताना"च्या आत नेली आणि तिच्याआधी "स्वतः" लिहिले.